मांडवातले आणि मांडवाबाहेरचे

दरवर्षी सहामाहीच्या पेपरात निबंधाचा एक विषय हमखास येतो. उर्दूत त्याचे नाव 'अदब जिंदगी का आईना है', मराठीत 'साहित्य : समाजाचा आरसा'. चोपड्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही इतिहास शिकवतो, आणि माणसे कमी असल्याने मराठीचे तासही घेतो. त्यामुळे दोन्ही निबंध आमच्याच टेबलावर तपासायला येतात. मुले दोन्ही एकाच साच्यातून काढतात. समाजात जे घडते ते साहित्यात उमटते, लेखक हा समाजाचा डोळा असतो, वगैरे. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हीही विद्यार्थी असताना हेच लिहिले, आणि बी.एड.च्या पाठटाचणात हेच उतरवले.

एकदा नववीतल्या एका मुलाने निबंध परत घेताना विचारले, "सर, या आरशात आपण दिसतो का?" मुलगा खोडकर नव्हता, त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. त्या तासाला आम्ही काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. साहित्याच्या चळवळी त्यांच्या काळाचे प्रतिबिंब असतात हे आपण सर्वच म्हणतो. पण काळ हा सर्वांचा सारखा असतो का? एकाच सालात, एकाच जिल्ह्यात राहणाऱ्या दोन माणसांचा काळ वेगळा असू शकतो. म्हणून आम्ही ठरवले की उपमा बाजूला ठेवून एक साल घ्यावे आणि त्या साली कुठे कुठे मांडव पडले, कोण आत बसले, कोण बाहेर राहिले, हे पाहावे. साल निवडले १९३६. कारण त्या सालातले दोन मांडव आमच्याच जळगाव जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या पूर्व खानदेशात पडले होते.

पहिला मांडव जळगावचा. १९३६ चे मराठी साहित्य संमेलन जळगावला भरले आणि त्याचे अध्यक्ष होते माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. हे नाव आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटायला हवे. ते फारसीचे प्राध्यापक होते. मराठीत गझल रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. त्यांची 'गज्जलांजली' १९३३ ची. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश तयार केला. तो चाळताना हबकायला होते. जमीन, बाजार, वकील, कागद, शहर, हंगाम, गरीब, सरकार हे सर्व बाहेरून आलेले शब्द मराठी माणूस दिवसभर तोंडात घोळवत असतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. सुरेश भटांनी पुढे गझल महाराष्ट्राच्या घराघरात नेली, पण तिची वाट आधी या माणसाने साफ केली होती.

आता दुसरी बाजू. हेच माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. 'भाषाशुद्धि-विवेक' हे त्यांचे पुस्तक १९३८ चे. ज्याने फारसीचा कोश केला त्यालाच मराठीतले फारसी शब्द खटकू लागले, आणि स्वतःच्या कवितेतही तो ते टाळू लागला. त्याच १९३८ साली मुंबईच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वि. दा. सावरकर होते. तेव्हा हा एका कवीचा लहरीपणा होता असे म्हणता येत नाही. १९२० नंतरचा तो सारा काळ शुद्धी आणि संघटनेचा, तबलीग आणि तंजीमचा, दंगलींचा. माणसे वेगळी काढण्याची हवा सुटली होती आणि त्या हवेत शब्दही वेगळे काढले गेले. 'तारीख' जाऊन 'दिनांक' आला तो या हवेबरोबर. आमच्या शाळेच्या फळ्यावर आजही कोपऱ्यात 'दिनांक' लिहितात, आणि मुले वाचताना 'तारीख' म्हणतात.

हे लिहिताना एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. शब्दांची ही झाडाझडती एकट्या मराठीने केली नाही. लखनौच्या इमामबख्श नासिख यांच्या काळापासून उर्दूच्या उस्तादांनीही देशी, हिंदवी शब्द गावठी म्हणून बाहेर काढले. मीर यांच्या दिवानात जे शब्द सुखाने नांदत होते ते पुढच्या पिढ्यांना नको झाले. तेव्हा दोन्ही घरांत झाडू फिरत होता आणि एका घरातून निघालेला शब्द दुसऱ्या घरात घ्यायला कोणी तयार नव्हते. घरी खानदेशी वळणाची उर्दू, बाजारात अहिराणी आणि कचेरीत मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या वेळी कोणत्या शब्दकोशात राहायचे होते?

१९३६ चा दुसरा मांडव लखनौचा. एप्रिल महिन्यात तिथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन होते. त्याच दिवसांत रिफाह-ए-आम हॉलमध्ये अंजुमन-ए-तरक्कीपसंद मुसन्निफीनची, म्हणजे प्रगतिशील लेखक संघाची, पहिली परिषद भरली. अध्यक्ष होते मुन्शी प्रेमचंद. सौंदर्याची आपली मोजपट्टी बदलावी लागेल, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. महालातल्या देखण्या स्त्रीत ज्याला सौंदर्य दिसते त्याला शेताच्या बांधावर मूल निजवून घाम गाळणाऱ्या बाईत ते का दिसू नये, असे ते विचारत होते. त्याच साली त्यांची 'गोदान' कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्याच साली ऑक्टोबरमध्ये ते वारले.

या चळवळीची ठिणगी त्याआधीची. १९३२ च्या अखेरीस लखनौहून 'अंगारे' नावाचा कथासंग्रह निघाला. सज्जाद जहीर, अहमद अली, महमूदुज्जफर आणि डॉ. रशीद जहाँ असे चौघे त्याचे लेखक. पुस्तकावर मौलवींचा आणि शरीफ घराण्यांचा इतका रोष झाला की १९३३ च्या मार्चमध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने त्यावर बंदी घातली. सर्वांत जास्त शिव्या रशीद जहाँ यांच्या वाट्याला आल्या, कारण त्या बाई होत्या आणि डॉक्टर असल्याने पडद्याआड काय चालते ते त्यांना पाहून माहीत होते. हा संग्रह आज वाचताना कच्चा वाटतो, असे आमचे मत आहे. काही कथांत राग जास्त आणि कथा कमी. पण हाली यांच्या 'मुसद्दस'पासून (१८७९) सुधारणेचे जे साहित्य उर्दूत चालत आले होते त्यात कौमला उपदेश होता; येथे प्रथमच घरातल्या माणसांनी घराचे दार आतून उघडले.

एक तपशील मुलांना सांगितला की ती कान टवकारतात. सज्जाद जहीर लखनौला लेखकांची परिषद भरवत होते त्याच एप्रिल महिन्यात मुंबईला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्ष होते सर वजीर हसन. हे सज्जाद जहीर यांचे वडील. एकाच घरातून एकाच महिन्यात बाप एका मांडवात आणि मुलगा दुसऱ्या मांडवात गेला. दोघांच्याही डोळ्यांपुढे मुसलमानांचे आणि देशाचे उद्याचे दिवस होते. १९३५ चा कायदा झाला होता, प्रांतिक निवडणुका तोंडावर होत्या, जो तो आपली माणसे मोजत होता. आपण इतिहासाच्या पुस्तकात या दोन घटना दोन वेगळ्या धड्यांत शिकतो, त्यामुळे त्या एका दस्तरखानावरच्या आहेत हे लक्षात येत नाही.

आणि हाच महिना संपता संपता नागपूरला आणखी एक बैठक झाली, भारतीय साहित्य परिषदेची. गांधीजी अध्यक्ष होते. देशाच्या सामाईक भाषेला काय म्हणावे हा वाद निघाला आणि 'हिंदी अथवा हिंदुस्थानी' असा शब्दप्रयोग पुढे आला. मौलवी अब्दुल हक तिथे होते. उर्दूच्या माणसाला 'हिंदुस्थानी' चालले असते. 'हिंदी अथवा' हे दोन शब्द त्यांना फार लागले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम त्या वेळी ते आपल्या महाराष्ट्रातून, औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून पाहत असत. जुन्या उर्दू काव्याचे, दखनीचे किती ग्रंथ तिथून संपादित होऊन निघाले! पण नागपूरनंतर मन फाटले. १९३८ साली अंजुमनचे कार्यालय दिल्लीला गेले. मराठी मुलखाच्या मधोमध बसून उर्दूचे संशोधन करणारी एक संस्था आपल्यातून उठून गेली. आम्हाला वाटते की दखनी आणि मराठी या शेजारणींचा अभ्यास तिथे पुढे चालला असता, तर आपल्या मुस्लिम मराठी साहित्याला आपली वंशावळ शोधायला इतकी वणवण करावी लागली नसती.

आता परत आपल्या जिल्ह्यात येऊ. १९३६ च्या डिसेंबरअखेर फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. चोपड्याहून बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागले की यावल आणि पुढे फैजपूर. आज तिथून जाताना दोन्ही बाजूंना केळी लागते. बांबू, चटया आणि खेड्यातल्या वस्तूंनी ते नगर सजले होते आणि सजावट शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी केली होती. नेहरूच अध्यक्ष. अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेले साने गुरुजी त्या तयारीसाठी गावोगाव हिंडले. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले होते, शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला होता. फैजपूरला शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला तो यामुळे. लखनौला एप्रिलमध्ये स्थापन झालेल्या किसान सभेचे दुसरे अधिवेशनही फैजपूरलाच, प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली भरले. मनमाडहून शेतकऱ्यांचा जथा पायी चालत तिथे आला. म्हणजे प्रेमचंदांनी लखनौच्या हॉलमध्ये ज्या शेतकऱ्याला साहित्यात बोलावले, तो आठ महिन्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या मांडवात स्वतःच्या पायांनी येऊन उभा राहिला. (फैजपूरच्या नावातला 'फैज' आणि त्या काळी अमृतसरच्या कॉलेजात नोकरीला लागून या चळवळीत शिरलेल्या फैज अहमद फैज यांच्या नावातला 'फैज' एकच. हा योगायोग, पण वर्गात सांगायला बरा पडतो.)

जळगाव आणि फैजपूर. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात, तास-दीड तासाच्या अंतरावर. पहिल्या मांडवात त्या काळचे शिकलेले, पांढरपेशे मराठी जग बसले होते. रविकिरण मंडळाने १९२३ पासून पुण्यात कवितावाचनाचा जो नाद लावला त्यावर पोसलेले, प्रेम, सुनीत आणि वृत्त यांत रमणारे. त्यांचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या कवितेत खानदेशचा कर्जबाजारी कुणबी शोधला तर सापडत नाही. आसोद्याची लेक, जळगावात नांदलेली बहिणाबाई चौधरी, त्या वर्षी छप्पन्न वर्षांची होती आणि शेतात, जात्यावर ओव्या रचत होती. तिची गाणी पुस्तकात आली १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर. संमेलन तिच्या गावात होते आणि मराठीतली केवढी मोठी कवयित्री मांडवाबाहेर होती!

याच १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी वाचले, आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. त्यांना मांडव नाकारला गेला, म्हणून त्यांनी तो छापील कागदाचा उभारला. त्याआधी १८८५ साली महात्मा फुले यांनी ग्रंथकारांच्या सभेचे आमंत्रण पत्र लिहून परतवले होते. ज्या सभेत आमच्या माणसांच्या दुःखाला जागा नाही तिच्यात आम्ही यायचे कशाला, असा त्या पत्राचा आशय. मराठी साहित्याच्या इतिहासात मांडवाबाहेर राहण्याचीही एक परंपरा आहे आणि ती फुल्यांपासून सुरू होते.

त्यापुढची वर्षे भराभर ओलांडू. तरक्कीपसंद चळवळीचे मराठी रूप पाहायचे तर शाहिरांकडे जावे लागते. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणी कामगारांच्या सभांत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज घुमला. या माणसाला कोणी 'मुस्लिम मराठी लेखक' म्हटले नाही, त्यांनी स्वतःही म्हटले नाही. त्या काळाने माणसाला विचारलेला प्रश्न 'तू कामगाराच्या बाजूचा की मालकाच्या' असा होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते.

त्याच काळाची आंधळी बाजूही सांगायला हवी. १९४९ साली प्रगतिशील लेखकांची परिषद आपल्या भिवंडीला, विणकरांच्या गावात भरली. कम्युनिस्ट पक्षाने १९४८ मध्ये बी. टी. रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली जहाल वळण घेतले होते. त्याचे पडसाद भिवंडीत उमटले. कोण खरा प्रगतिशील आणि कोण प्रतिगामी याच्या याद्या होऊ लागल्या. मंटोसारखा लेखक नकोसा झाला. फाळणीचे दुःख ज्याने सर्वांत खोल लिहिले तोच मांडवाबाहेर! मोजपट्टी बदलायला निघालेल्यांच्या हातात शेवटी मोजपट्टीच उरली, असे आम्हाला भिवंडीच्या बाबतीत वाटते. पुढे १९६६ मध्ये अलाहाबादहून शम्सुर्रहमान फारूकी यांचे 'शबखून' निघाले आणि उर्दू कविता घोषणेकडून एकट्या माणसाकडे वळली. मराठीतही 'शब्द' (१९५४) पासून लघुनियतकालिकांनी हीच बंडखोरी केली, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ ची. दोन भाषा एकमेकींशी बोलत नव्हत्या, तरी एकाच हवेत श्वास घेत होत्या.

दलित साहित्याबद्दल आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९५८ चे मुंबईचे पहिले दलित साहित्य संमेलन, १९६३ चे बाबुराव बागूल यांचे 'जेव्हा मी जात चोरली होती', १९७२ चा 'गोलपिठा' आणि त्याच वर्षीची दलित पँथर, ही सारी वाट परिचित आहे. आम्हाला फक्त एक नोंद करायची आहे. १९८४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुन्हा जळगावला आले तेव्हा अध्यक्ष होते 'तराळ-अंतराळ'चे लेखक शंकरराव खरात. १९३६ चे जळगाव आणि १९८४ चे जळगाव यांमध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली. ज्यांना अध्यक्षपदाच्या खुर्चीपर्यंत यायचे होते त्यांना आधी स्वतःचा वेगळा मांडव घालावा लागला.

आणि आपण? १९७० च्या मार्चमध्ये हमीद दलवाई यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. कोकणातले एक गाव धर्माच्या नावाने कसे पेटते ते तिच्यात आहे. त्याच १९७० च्या मे महिन्यात भिवंडी पेटले आणि दुसऱ्याच दिवशी जळगाव. न्या. मादन आयोगाने त्याची चौकशी केली. आमचा जन्म १९९० च्या आगेमागेचा; आम्ही ते पाहिलेले नाही. पण आमच्या घरी आजही 'सत्तर साल' एवढेच म्हणतात. पुढे काही बोलत नाहीत, आणि मुलांनीही काही विचारायचे नसते. दलवाईंच्या विचारांशी आपल्या वाचकांपैकी अनेकांचे मतभेद आहेत, आमचेही काही आहेत. मात्र त्या वर्षाकडे पाहताना एक गोष्ट जाणवते. घराला आतून सुधारा म्हणणारा आवाज आणि घराला बाहेरून लागलेली आग, दोन्ही एकाच वेळी आले. आग लागलेल्या घरातली माणसे सुधारणेचे बोल कसे ऐकणार होती? आणि आग विझल्यावरही ते ऐकायचे राहून गेले, हेही तितकेच खरे.

म्हणून १९९० हे साल आम्हाला १९३६ इतकेच महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. यू. म. पठाण होते, संत साहित्याचे गाढे अभ्यासक. आणि त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. वरवर पाहता हे कोडे वाटते. मुख्य मांडवाची खुर्ची मिळाली, त्याच वर्षी वेगळा मांडव का घालावा लागला? पण आजूबाजूचा काळ आठवा. १९८५ चा शहाबानो निकाल, १९८६ चा कायदा, अयोध्येची रथयात्रा, मंडल आयोग. प्रत्येक सभेत, प्रत्येक वर्तमानपत्रात मुसलमान हा चर्चेचा विषय होता, आणि त्या चर्चेत तो स्वतः बोलत नव्हता. एका थोर विद्वानाला मिळालेला मान सर्वांच्या वाट्याला आलेला प्रश्न सोडवू शकत नव्हता. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या माणसांनी सोलापुरात जे उभे केले ते या कोंडीतून. पुढे दोनच वर्षांत ६ डिसेंबर १९९२ उगवला.

या चळवळीचे ऋण आमच्यावर आहे. तिच्यामुळेच आम्ही मराठीत लिहायला धजावलो. तरी तिच्यावरही काळाचा ठसा आहे, आणि तो आपण पाहिला पाहिजे. त्या वर्षांनी आपल्याला पुरावा मागितला, म्हणून आपले साहित्य पुरावे देत बसले. श्रीगोंद्याचे शेख महंमद, शाह मुंतोजी, शाहीर, सैनिक अशा याद्या आपण किती भाषणांत वाचल्या! आम्हीही वाचल्या. एका कार्यक्रमात आमची ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणाले, "सर उर्दू शाळेत असूनही, मुस्लिम असूनही, उत्तम मराठी लिहितात." हेतू चांगला होता, टाळ्याही पडल्या. आम्ही त्या 'असूनही'ला धन्यवाद देऊन खाली बसलो. त्याच महिन्यात एका मुशायऱ्यानंतर चहा घेताना एका ज्येष्ठ शायरांनी आम्हाला विचारले, "मियाँ, सुना है आजकल मराठी में लिखते हो? उर्दू ने क्या बिगाडा था?" दोन्ही मांडवांच्या दारात आम्हाला चप्पल काढून उभे राहावे लागले.

याउलट अमर शेख यांच्या कन्या मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ चे. तेही एका चळवळीच्या घरातून आलेले आहे. चळवळीतल्या पुरुषाच्या घरात बाईचे काय होते ते त्यात आहे. ते पुस्तक कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. आमच्या मते मुस्लिम घरात जन्मलेल्या व्यक्तीने मराठीत लिहिलेल्या सर्वांत निर्भय पुस्तकांपैकी ते एक आहे, आणि आपल्या व्याख्यानांच्या याद्यांत ते नाव उशिरा येते. येते तेव्हाही जरा चाचरत.

२०२४ च्या फेब्रुवारीत संमेलन पुन्हा आमच्या जिल्ह्यात आले, अमळनेरला. १९५२ नंतर दुसऱ्यांदा. चोपड्याहून निघून तापीचा पूल ओलांडला की अमळनेर काही लांब नाही. २ ते ४ तारखेला अखिल भारतीय संमेलन, आणि त्याच गावात ३ व ४ तारखेला विद्रोही साहित्य संमेलन, १९९९ साली धारावीत बाबुराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या परंपरेतले. शनिवारी दहावीच्या चार मुलांना घेऊन आम्ही एस.टी.ने गेलो. सकाळ एका मांडवात घालवली, दुपार दुसऱ्यात. मुलांनी दोन्हीकडची पुस्तके हाताळली, दोन्हीकडे भजी खाल्ली आणि दुसरीकडची भजी चांगली असल्याचा निर्वाळा दिला. परतताना एकाने बसमध्ये विचारले, "सर, दोन्हीकडे मराठीच होती, मग मांडव दोन का?" तोच मुलगा, नववीत आरशाचा प्रश्न विचारणारा. आम्ही त्याला १९३६ पासून सांगायला सुरुवात केली. तापीच्या पुलापर्यंत फैजपूरला पोहोचलो, आणि चोपडा आले तेव्हा भिवंडीत होतो.

पुढच्या आठवड्यात त्याने एक निबंध लिहून आणला. कोणी सांगितला नव्हता. त्याचे वडील जिनिंगमध्ये हिशेब लिहितात. मुनीम, दलाल, हमाल, बाकी, कर्ज, हंगाम, मजुरी, वसुली असे शब्द निबंधभर होते आणि बऱ्याच शब्दांखाली त्याने स्वतःच पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. का, असे विचारले तर म्हणाला, "हे उर्दू आहेत ना सर? बदलून देऊ?" आम्ही माधव जूलियनांचा कोश आठवून म्हणालो, राहू दे, हे मराठीच आहेत. त्याने खोडरबर काढून रेघा पुसल्या. मग वर कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारले, "इथे तारीख लिहू की दिनांक?"

आम्ही म्हटले, परीक्षेत दिनांक लिही. हा निबंध परीक्षेचा नाही.

त्याने 'तारीख' लिहिले आणि त्याखाली निबंधाचे नाव घातले : 'अब्बांची हिशेबवही'.